जासवंदीचा पंचनामा

“काढू की नको, एवढंच सांगा बाबा.”

गेनूबाबांनी नुसतं वर बघितलं.

गेनूबाबा म्हणजे आमच्या टाकीच्या बागेचे जुने हेडमाळी. एका बाजूला एसटी स्टँड, दुसऱ्या बाजूला भाजी मंडई, आणि मध्ये ही बाग. रिटायर होऊन बाबांना नऊ वर्षं झाली, पण सकाळी सहाला नळाजवळच्या बाकावर ते असतातच. कमरेला कात्री अजून तशीच.

विचारत होते ढोलेसाहेब, बागेचे नवे अधीक्षक. शिकाऊ होते तेव्हा सहा महिने याच बाबांच्या हाताखाली त्यांनी आळी खणली होती. आता पायात चकचकीत बूट आणि गळ्यात शिट्टी.

मी शेजारच्या बाकावर होते. मुद्दाम ऐकत नव्हते. पण माणसाच्या कानाला काही दार नसतं.

आणि उठून जावं, तर पदराखाली पिशवी. पिशवीत अकरा जासवंदी.

साहेबांनी हातातला भारा बाबांच्या पायाशी टाकला. दोरी सुटली. नुसत्या जासवंदीच्या फांद्या.

“बघा. एका सकाळच्या आहेत. सदतीस. झाडाखाली पडलेल्या वेचून आणल्यात मी. पंचनामाच म्हणा.”

बाबा बघत राहिले.

“आणि मोडतं कोण? चांगल्या घरची माणसं. छत्री उलटी धरून मुठीनं फांदी ओढतात. हास्यक्लबातले आजोबा तर हसत हसत तोडतात!”

बाबा हसले. साहेब हसले नाहीत.

“मी शिट्टी वाजवली की पळतात. दुसऱ्या दिवशी परत हजर.”

“पाटी लावलीत की,” बाबा म्हणाले.

“एक? अकरा लावल्यात.”

“वाचता येतं ना त्यांना?”

“येतं की. त्यातले दोघं तर मास्तर आहेत.”

“हं.”

माझ्या बाकामागेच ‘फुले तोडू नयेत’ अशा तीन पाट्या होत्या. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते, रोजच बसते.

साहेबांचा आवाज जरा उतरला.

“बाबा, मी या बागेसाठी काय नाही केलं? फरशा बदलल्या. दिवे लावले. संडासाला पाणी आणलं. मंडईतल्या बायका आता दुपारी इथं डबा खायला येतात. गाडी चुकलेली माणसं इथं येऊन टेकतात. आणि दहा वाजल्यानंतर बागेत एक फूल नसतं. एक! त्यांनी काय बघायचं? माझ्या पाट्या?”

खोटं नव्हतं त्यात काही. माणूस राबतो. घरून कुदळ आणून स्वतः वाफे करताना बघितलंय मी त्यांना, माझ्या गॅलरीतून.

“मग?” बाबांनी विचारलं.

“मग उद्या आठ वाजता माणसं येतायत, पहारी घेऊन. बत्तीसच्या बत्तीस जासवंदी काढायच्या आणि नुसत्या पानांचं कुंपण लावायचं. फूलच नाही तर चोर येईल कशाला?”

मी पिशवी पदराखाली आणखी आत ओढली.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. गणपतीला लाल फूल वाहिलेलं बघितल्याशिवाय त्या चहाला तोंड लावत नाहीत. आणि जासवंद काही मंडईत मिळत नाही. खुडली की दुपारपर्यंत मान टाकते, विकायला ठेवणार कोण?

“काढा की मग,” बाबा म्हणाले.

“माळी पहार लावायला तयार नाहीत! म्हणतात, गेनूबाबांच्या हातची झाडं, त्यांनी हो म्हटल्याशिवाय आम्ही शिवणार नाही. म्हणून आलोय. हो म्हणा.”

बाबा उठले. नळाखाली झारी भरली, सावकाश. आणि येऊन त्या मोडक्या फांद्यांवर पाणी शिंपडायला लागले.

“मेलेल्याला पाणी कशाला पाजताय?” साहेब वैतागले.

“झाडं किती म्हणालात?”

“बत्तीस.”

“आणि सकाळी फुलांना माणसं किती?”

“शंभर तरी असतील.”

“हं.”

झारीतलं उरलेलं पाणीही बाबांनी फांद्यांवर ओतलं.

“बाबा, हो की नाही?”

बाबांनी मान वळवली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे.

“साळोखेवहिनी, इकडं या. पिशवी घेऊन या.”

काय सांगू! गेले पिशवी घेऊन. पंचवीस वर्षं या बागेसमोर राहते मी. कोण कुणाबरोबर कुठल्या बाकावर बसतं, सगळं मला ठाऊक. पण माझ्या पिशवीतलं कुणाला ठाऊक असेल, असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

साहेबांनी पिशवीत डोकावून बघितलं.

“वहिनी... तुम्ही? अहो, गेल्या सोमवारी तुम्हीच माझ्याकडे चोरांची तक्रार घेऊन आला होता!”

“ते फांद्या मोडणाऱ्यांबद्दल होतं,” मी म्हटलं. आवाज मलाच ऐकू आला नाही.

“वहिनी,” बाबा म्हणाले, “आणखी एक तोडा.”

“नको हो बाबा.”

“तोडा. मी सांगतोय ना. ते वरचं.”

मी चपला काढल्या. का काढल्या कोण जाणे. टाचा उंच करून फांदी धरली, हळूच खाली घेतली. एका हातात फांदी, दुसऱ्या हाताचं नख देठाला. टुक.

फूल हातात आलं. फांदी सोडली तशी वर गेली, दोनदा डोलली आणि थांबली.

“काय मोडलं?” बाबांनी साहेबांना विचारलं.

“...काही नाही.”

“वहिनी, आता त्याच्या शेजारचं.”

मी परत हात वर केला. माझी पाठ त्या दोघांकडे होती. बाबांनी साहेबांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बोट केलं होतं म्हणे, ते मला नंतर कळलं.

फांदी खाली घेतली, बोट देठापर्यंत पोचलं...

शिट्टी वाजली. अगदी कानाशी.

पुढचं मला कळलंच नाही. रोजच्या सवयीनं मी पळायला निघाले, आणि फांदी मुठीतच राहिली. कड्‌! साल सोलत खाली आली ती. हातभर लांब. तिच्यावर चार कळ्या होत्या.



“तोच हात,” बाबा म्हणाले. “तेच झाड.”

शिट्टी अजून साहेबांच्या ओठांतच होती. ती त्यांनी काढली.

मला रडू फुटलं. “साहेब, मला काय शिक्षा करायची ती करा. गेटवर माझ्या नावाची पाटी लावा. पण झाडं राहू द्या. घरी म्हातारी या फुलाची वाट बघत बसलीय.”

साहेब माझ्याकडे बघत नव्हते. फांदीकडे बघत होते.

“ही कुणी मोडली?” बाबांनी विचारलं.

“मी,” मी म्हटलं.

साहेबांनी शिट्टीवरून अंगठा फिरवला.

“...मी पण.”

बाबांनी कमरेची कात्री काढली आणि दांडा साहेबांकडे करून पुढं धरली.

“आठवतंय का?”

साहेब तिथंच, नळाच्या ओल्या जमिनीवर, उकिडवे बसले. बूट चिखलात गेले. फाटलेला भाग छाटला. खाली तिरपा छेद. पानं उतरवली, शेंड्याची दोन ठेवली. वीतभर काडी उरली. हात कुठंच चुकला नाही, शिकवलेलं विसरला नव्हता माणूस.

खुडलेल्या चार कळ्या त्यांनी न बोलता माझ्या पिशवीत टाकल्या.

“वहिनी, खड्डा,” बाबा म्हणाले.

मी बोटांनीच माती उकरली. साहेबांनी काडी धरली, मी माती लोटली. माझ्या बांगड्या आणि त्यांचं घड्याळ, दोन्ही चिखलानं माखलं.

“दाब जरा,” बाबा म्हणाले. “निशिकांत, बुडाशी दाब.”

साहेबांना कुणी नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. साहेबांनी खाली मान घालून माती दाबली. दोन्ही अंगठ्यांनी.

“लागेल का, बाबा?”

बाबांनी हात लांब करून ती सगळी लाल ओळ दाखवली, गेटपासून टाकीपर्यंतची.

“पहिलं एकच होतं.”

साहेब उठले नाहीत. बाकाजवळच्या भाऱ्याकडे बघत राहिले. पाणी शिंपडलेल्या फांद्या आता टवटवीत दिसत होत्या. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी दोरीसकट काढली. त्या दोरीनं सदतीस फांद्या एकत्र बांधल्या आणि भारा नळाखालच्या बादलीत उभा केला. शिट्टी पाण्यात लोंबत राहिली.

तिकडं हास्यक्लब सुरू झाला होता. एक आजोबा छत्री पाठीमागं लपवत झाडाकडं सरकत होते. साहेबांना ते दिसले. साहेबांचा हात गळ्याशी गेला, आणि रिकामाच खाली आला.

“सावकाश, आजोबा,” साहेब म्हणाले. “फांदी धरून घ्या.”

आजोबांनी इकडं तिकडं बघितलं. आपल्यालाच म्हणतायत, हे त्यांना खरं वाटेना.

साहेबांनी हात धुतले. पँटलाच पुसले.

“उद्याच्या माणसांना येऊ नका म्हणून निरोप देतो, बाबा.”

“कशाला?” गेनूबाबा म्हणाले आणि बादली सावलीत सरकवली. “येऊ देत की पहारी घेऊन. खड्डे लागतील.”