टोपीआधी सुटलेला धागा

डबक्यातल्या बेडकाच्या पिल्लाला अजून पाय फुटायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. सोडवणी ही प्रथिनांची लेक दूर शिकून पिल्लाच्या पेशीत परतली. पायांच्या जनुकाची नक्कल आरएनएच्या धाग्यावर धडाधड उतरत असेल, असे तिला वाटले होते. पाहते तो काय, ती नक्कल उतरवणारा नकलनवीस सुरुवातीलाच खोळंबलेला आणि पेशीतल्या जुन्या प्रथिनाने, अडवणीबाईंनी, त्याला घट्ट धरलेले! ती हादरलीच.

"अहो, पिल्लाचे पाय अडलेत!"

"थांब गं बाई, धाग्याच्या डोक्यावर टोपी तर चढू दे."

"नटवत काय बसलाय?" म्हणत तिने अडवणीबाईंना ढकलले. नकलनवीस सुसाट सुटला. पण उघड्या डोक्याचा धागा पेशीतल्या धागे कुरतडणाऱ्या प्रथिनांनी तिच्यादेखत फस्त केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अडवणीबाईंशेजारी जाऊन उभी राहिली. "तुम्ही धरा," ती म्हणाली, "टोपी चढली की मी सोडवीन."