गार्बाने तार सोडली

हौसा लोकांच्या एका गावात गार्बा नावाचा वादक होता. त्याचं वाद्य गोगे, म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर घोरपडीचं कातडं आणि त्यावरून दांडीपर्यंत ताणलेली घोड्याच्या केसांची एकच तार. कोणाची स्तुती वाजवायची तर आधी त्याच्या वाडवडिलांची नावं घ्यायची, अशी तिथली रीत होती.

त्या गावच्या गादीवर फुल्बे घराण्यातला डिक्को नवा सरदार म्हणून बसला. पहिल्याच दरबारात तो गार्बावर गरजला, "बाप-आज्यांचं पुराण पुरे झालं! एकट्या माझी स्तुती वाजव. मेलेल्यांचं नाव काढलंस तर तुझा हा भोपळा चुलीत घालीन."

ते गोगे गार्बाला बापाकडून मिळालेलं. तरी तो डगमगला नाही. "जशी आज्ञा, सरकार," म्हणत त्याने तारेचं वरचं टोक दांडीवरून सोडलं आणि लोंबत्या तारेवर तो डोळे मिटून तल्लीनपणे गज फिरवू लागला. आवाज कसला येतोय!

"अरे, वाजव की!" सरदार ओरडला.

"वाजवतोच आहे, सरकार. तारेचं खालचं टोक तुमचं, वरचं तुमच्या वाडवडिलांचं. हुकुमाप्रमाणे वरचं सोडून दिलं. आता एकट्या तुमची स्तुती अशीच वाजणार."

कोपऱ्यात बसलेली सरदाराची म्हातारी आई खदखदून हसली.

डिक्कोने आईकडे पाहिलं, मग गार्बाकडे. "बांध बाबा ते टोक," तो म्हणाला, "आणि माझ्या आजोबांपासून घे."