कमरेइतका समुद्र

एका देशात वल्ही करणारा एक कारागीर राहत होता, आणि त्या देशाला समुद्रच नव्हता.

हसू नका. देशाचं नाव द्रोणदेश. चारी बाजूंनी डोंगर, डोंगरांपलीकडे दुसऱ्या राजांची राज्यं, आणि मधे पळसाच्या पानांचा द्रोण ठेवावा तसा हा एवढासा मुलूख. गावं मोजून बारा. राजा मानाजी राजवाड्याच्या ओट्यावर शिंकला तर सातव्या गावात कुणीतरी 'शतंजीव' म्हणतं, अशी थट्टा शेजारचे राजे करत. दरबार भरला की राजासमोर नऊ माणसं बसत. त्यांतली दोन हमखास पेंगत असत. पण राज्य सुखी होतं. राजाला घरटी माणसांची नावं पाठ होती, आणि कुणाची गाय केव्हा व्यायची आहे हेही त्याला ठाऊक असे.

त्या डोंगरांवर धामण नावाचं झाड भरपूर. त्याचं लाकूड चिवट, वाकेल पण सहसा मोडणार नाही असं. वल्ह्यांसाठी त्याच्यासारखं दुसरं नाही. म्हणून दर वर्षी थंडी सरली की समुद्राकाठचे लोक बैलांवर मीठ लादून दहा दिवसांची वाट तुडवत येत. मीठ देत, वल्ही घेत आणि परत जात. द्रोणदेशाच्या ताटात पडणारं सगळं मीठ त्या एका देवघेवीतून येई. राज्यकारभारातलं सगळ्यात मोठं काम तेच. प्रत्येक वल्ह्याच्या दांड्यावर तापल्या लोखंडाचा शिक्का राजा स्वतःच्या हाताने उठवी. तो शिक्का दिसला की समुद्राकाठी कुणी वल्हं वाकवूनही बघत नसे.

गंमत अशी, की वल्ह्यांवर जगणाऱ्या या देशात समुद्र पाहिलेला माणूस एकही नव्हता. त्यांनी पाहिलेलं सर्वात मोठं पाणी म्हणजे राणीतळं. ते भर पावसाळ्यात मोठ्या माणसाच्या कमरेला लागे. समुद्र म्हणजे अशी शंभर राणीतळी एकाला एक जोडलेली, असं आजोबा नातवंडांना सांगत. कुणी शंभराची हजार करी. लांबी-रुंदी जो तो आपल्या मनाने वाढवी. खोली वाढवायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

या देशातला सगळ्यात हुशार कारागीर म्हणजे केरू. वय साठीचं, बोटं अजून पोलादी. त्याची बायको ठकू. मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांना जपून होती.

त्या वर्षी केरूकडे तीस वल्ह्यांची मागणी होती. एकोणतीस झाली. तिसाव्याच्या मानेत, म्हणजे दांडा आणि पातं जिथे जुळतं तिथेच, रंधा मारताना एक गाठ उघडी पडली. आतून किडलेली. दुसरं सुकलेलं लाकूड घरात नव्हतं आणि शिक्क्याचा दिवस उद्यावर आला होता. केरूने थोडा विचार केला. लाखेत भुसा कालवून त्याने गाठ बुजवली, वरून तेल चोळलं, आणि स्वतःशी म्हणाला, "फार तर काय होईल? मोडलंच तर गडी खाली उतरंल, चालत काठाला येईल. धोतर भिजंल एवढंच."

लक्षात घ्या, केरू लबाड नव्हता. त्याचा समुद्र कमरेइतका होता.

शिक्के उठले, मीठ उतरलं, बैल निघून गेले. मागे राहिला एकच पाहुणा, धाकू तांडेल. तांडेल म्हणजे नावेवरचा मुख्य. घाट उतरताना म्हाताऱ्याचा पाय मुरगळला होता, म्हणून केरूने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी दोघं राणीतळ्यावर बसले होते. धाकूने सुजलेला पाय पाण्यात सोडला होता.

केरूने सहज विचारलं, "तुमच्या समुद्रात इतकं आत गेल्यावर पाणी कुठवर लागतं? छातीला?"

धाकू आधी हसला. मग केरूचा चेहरा पाहून थांबला. "दादा, तिथं चाळीस माणसं एकावर एक उभी केली तरी वरच्याचं डोकं बुडंल."

"मग वल्हं मोडलं तर माणूस उभा कुठं राहतो?"

"उभा राहत नाही," धाकू म्हणाला. "समुद्रात वल्हं हाच पाय."

केरू तसाच उठला. घरी आला, ताटावर बसला, पण जेवणाला त्याने हात लावला नाही. ठकूने ताट सरकवलं आणि त्याच्यासमोर बसली. त्याने तिला सगळं सांगितलं. गाठ, लाख, भुसा, तेल. सांगताना त्याला रडू फुटलं. चाळीस वर्षांच्या संसारात ठकूने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"आता मला सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण मी काय करणार? उद्या राजाला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी केरू दरबारात उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, तिसातल्या एका वल्ह्यात गाठ हाय. ती म्या बुजवली. तुमचा शिक्का त्याच्यावर हाय."

पेंगणारे दोघेही जागे झाले.

प्रधान त्रिंबकपंत मोठे जपून बोलणारे. ते पुढे वाकून म्हणाले, "महाराज, ही गोष्ट या चार भिंतींत राहू द्यावी. एक वल्हं कच्चं निघालं हे कळलं, तर उद्या ते लोक सगळीच टाकतील. त्यांना वल्ही देणारी आणखी राज्यं आहेत. आपल्याला मीठ देणारं दुसरं कुणी नाही. एका गाठीपायी सबंध देश अळणी जेवेल."

पंत खोटं बोलत नव्हते. राजा बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. त्याच हाताने त्याने शिक्का उठवला होता आणि वल्ह्याच्या मानेकडे पाहिलंही नव्हतं. त्यालाही समुद्र कमरेइतकाच वाटत होता.

"मग जेवू अळणी," राजा म्हणाला.

तो उठला, पायी केरूच्या घरी गेला आणि ओसरीवर बसलेल्या धाकू तांडेलापुढे हात जोडून त्याने सगळी हकिकत सांगितली. ठकू दाराआड उभी होती. तांडेल रागावेल, शिव्या देईल, असं तिला वाटलं. तो नुसता पांढराफटक पडला.

"महाराज, आमच्याकडं रीत हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "नवं लगीन झालेला गडी पहिल्या फेरीला नवं वल्हं घेऊन जातो. औंदा सहा लग्नं झालीत."

द्रोणदेशात एकच घोडा होता, राजाचा. राजाने तो केरूला दिला. केरू जन्मात घोड्यावर बसला नव्हता, पण ती गाठ फक्त त्याच्या बोटांना सापडणार होती. ठकूने भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. घोडा वळला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गडी सुखरूप असू दे रे देवा. आणि हेसुद्धा."

वाटेत दोन परक्या राज्यांची नाकी लागली. नाक्यावरच्या शिपायाने विचारलं, "म्हाताऱ्या, माल काय नेतोस?"

"काही न्हाई," केरू म्हणाला. "एक वाईट माल आमच्याकडनं पुढं गेलाय. तो परत आणायला निघालोय."

असं उत्तर त्या नाक्यावर कुणी कधी दिलं नव्हतं. शिपायाने आडवा बांबू वर केला.

सात दिवसांनी, ऊन चढता चढता, केरू शेवटची टेकडी चढला आणि त्याला समुद्र दिसला. तो घोड्यावरून उतरला. आपण आयुष्यभर कशासाठी लाकूड तासत होतो ते त्याला त्या दिवशी कळलं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बैल आदल्याच दिवशी पोचले होते. किनाऱ्यावर नवी वल्ही रचून ठेवली होती. केरूने त्यांतली आपल्या हातची ओळखून एकेकाच्या मानेवरून बोट फिरवलं. चोवीस होती आणि चोवीसही निर्मळ निघाली. उरलेली सहा पहाटेच नावांवरून गेली होती.

वाळूत बायका जाळी विणत बसल्या होत्या. केरू त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. खोटं बोलायला वाव होता. राजाने पाहणी करायला धाडलंय असं म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण तो म्हणाला, "बायांनो, त्या सहातल्या एका वल्ह्यात किडकी गाठ हाय. मला ठाऊक होतं. म्या लपवली."

जाळ्यावरचे हात थांबले. कुणी ओरडलं, कुणी कपाळाला हात लावला. हातात अजून लग्नाचा चुडा असलेली एक मुलगी उठून त्याच्यापुढे आली. तिचं नाव गोमती.

"कुणाच्या हाती गेलं ते?"

"न्हाई सांगता येत, पोरी."

ती परत फिरली आणि पाण्याच्या कडेला जाऊन बसली. केरू तिच्यापासून दहा हातांवर बसला. दुपारभर दोघं समुद्राकडे बघत राहिली. तिने त्याच्याशी एक शब्द काढला नाही. मात्र ऊन माथ्यावर आल्यावर ती घरी गेली, येताना तिने तांदळाची भाकरी आणली आणि त्याच्यापुढे ठेवून पुन्हा आपल्या जागी बसली. केरूला ती भाकरी हातात धरवेना. पण तिने आणली होती, म्हणून त्याने ती खाल्ली.

दिवस कलला तशा नावा दिसू लागल्या. एक आली. दुसरी आली. केरू कपड्यांसकट पाण्यात शिरला, कमरेपर्यंत गेला आणि आल्या नावेतली नवी वल्ही चाचपू लागला. दोन वल्ही, चार वल्ही, निर्मळ. चौथं गोमतीच्या नवऱ्याचं होतं. तो खाली उतरला तेव्हा ती त्याचा हात धरून नुसती उभी राहिली. पण घरी गेली नाही. अजून एक नाव यायची होती.

ती सगळ्यांत शेवटी आली, सावकाश, माशांनी भरलेली. तिच्यातल्या दुसऱ्या वल्ह्याच्या मानेवर केरूचं बोट अडलं. वल्हं एका लाजऱ्या हसऱ्या गड्याच्या हातात होतं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. केरूने ते त्याच्याकडून मागून घेतलं, वाळूत आणलं आणि मानेवर गुडघा ठेवून जरा जोर दिला. कट्‌कन आवाज झाला. किडीचा भुसा वाळूत सांडला. तो गडी भुशाकडे बघत राहिला, मग मागच्या पाण्याकडे, आणि मटकन खाली बसला. त्याची बायको धावत आली आणि त्याच्या गळ्यात पडून रडू लागली.

केरूने आपल्या पिशवीतून वाकस आणि पटाशी काढली, लाकूड तासायची त्याची हत्यारं, आणि वाळूत ठेवली.

"मायबापहो, मीठ द्यायचं का न्हाई ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "माझ्या देशातली बाकी माणसं चांगली हायत. पण म्या आता वल्हं करणार न्हाई. ह्या हातांचा तुम्ही भरवसा धरू नये."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. गावातली वडीलधारी माणसंही. तेव्हा गोमती पुढे आली. तिने ती हत्यारं उचलली, वाळू पुसली आणि केरूच्या हातात दिली.

"मग वल्ही घ्यायची कुणाकडून, बाबा?" ती म्हणाली. "ज्याला आमच्या समुद्राचं भ्या न्हाई त्याच्याकडून?"

केरूने मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलंही नाही.

मीठ बंद झालं नाही. पुढच्या वर्षापासून राजा मानाजीने एक नियम केला: ज्याला वल्हं करायचं असेल त्याने आधी समुद्रावर जाऊन एकदा तरी नावेत बसावं. पहिला नंबर राजाने स्वतःचा लावला, कारण शिक्का तो मारत होता. त्याला नाव लागली आणि तो फार ओकला, असं सांगतात.

पण ते पुढचं. केरू त्या किनाऱ्यावर महिनाभर राहिला. गावकऱ्यांनी जपून ठेवलेलं एक सुकं लाकूड त्याला दिलं, आणि त्याने त्या लाजऱ्या गड्यासाठी नवं वल्हं घडवलं. ते पहिल्यांदा पाण्यात पडलं त्या दिवशी केरू त्याच नावेत होता. दोन्ही हातांनी कड घट्ट धरून, डोळे मिटून, तो त्या गड्याच्या समोर बसला होता, आणि नाव काठ सोडून खोल पाण्याकडे निघाली होती.

तात्पर्य: आपल्या हातचं काम आपण कधी पाहणार नाही अशा ठिकाणी जातं आणि तिथे कुणीतरी त्याच्या भरवशावर आपला जीव सोपवतो, म्हणून न पाहिलेल्या माणसासाठीही घरच्या माणसासारखंच काम करावं, आणि चूक झालीच तर ती स्वतः जाऊन सांगावी.