तक्रारघरातले राघू

एका राज्यात, मधल्या आळीच्या विहिरीवर, एक गोष्ट अर्धीच सांगितली गेली. पाणी ओढता ओढता एक बाई दुसरीला म्हणाली, "तक्रारघराच्या गादीवर जो बसतो ना, त्याला सातव्या दिवशी पंख फुटतात. आणि मग म्हणे त्याची बायको..." इतक्यात घागर काठाला आपटली, पाणी पायांवर सांडले, आणि बायकोचे काय होते ते राहून गेले.

आवडाई तिथेच, दोन पावलांवर, कळशी घासत होती. तिने मान वर केली नाही. तिचा नवरा गोंदाजी अकरा आठवड्यांपूर्वी त्याच गादीवर बसला होता आणि घरी परतला नव्हता. राजवाड्यातून निरोप तेवढा आला होता: कामगिरीवर गेला आहे. आमची दोघींची घरे एका भिंतीची. तिच्या चुलीवर काय शिजते ते मला वासावरून कळे. अकरा आठवडे त्या घरातून फोडणीचा वास आला नव्हता.

आता आधीचे सांगते, म्हणजे पुढचे कळेल.

त्या राज्यात त्रिलोचन नावाचा मांत्रिक काचटेकडीवर राहत असे. त्याने सात वर्षे भट्टी पेटती ठेवून एक आरसा केला. तळहाताएवढा. त्यात बघून दूरच्या माणसाचे नाव घेतले की ते माणूस दिसे. शेतात असले तर शेतात दिसे, जेवत असले तर जेवताना दिसे. त्याच्याजवळही आरसा असला तर त्याच आरशातून दिसे. त्रिलोचन म्हणाला, अजून एक वर्ष द्या, काम अपुरे आहे. राजा धैर्यकेतू म्हणाला, संक्रांतीला तो प्रजेच्या हाती हवा. आरशाचे नाव ठेवले भेट-आरसा. गोंदाजी दवंडीवाला. त्याला वाड्यातून जे शब्द मिळाले ते त्याने हलगीवर तीन थापा मारून गावोगाव सांगितले: "भेट-आरसा आला हो. दूरचे माणूस दिसेल. दिसेल ते बोलेल. हाक माराल ते समोर येईल."

त्याच काचेचे आरसे घरोघर गेले. माणसे दिसली. बोलली कोणी नाही, आले कोणी नाही. महिन्याभरात लोक आरसे घोंगडीत गुंडाळून राजधानीला निघाले. राजाने तक्रारघर उघडले, आणि ज्याने दवंडी दिली त्या गोंदाजीलाच तक्रारी ऐकायला पहिला गादीवर बसवला. त्याच्यामागून आणखी दहा जण बसले. आठवड्याला एक. बारावा कोणी मिळेना.

आवडाईने कळशी भरून घरी ठेवली, पदर खोचला, आणि ती दरबारात गेली.

राजाने डोक्यावरचा मंदिल कानांखालपर्यंत ओढलेला होता, आणि ते दिवस उन्हाळ्याचे होते.

"महाराज, गादी रिकामी आहे असे ऐकते."

"आहे."

"मी बसेन."

"तू कोण?"

"गोंदाजी दवंडीवाल्याची बायको."

राजाने खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाला, "बैस."

तक्रारघर म्हणजे एक लांब दालन. एका टोकाला गादी, दुसऱ्या टोकाला दार, दाराबाहेर रांग. वरच्या तुळईवर अकरा राघू बसले होते. खालून कोणी तोंड उघडले की अकराही एका सुरात म्हणत, "लवकरच, लवकरच." त्यांतला एक बोलण्याआधी चोचीने तुळईवर तीन टोले मारी. टक, टक, टक. मग म्हणे, "लवकरच."

आवडाई त्या राघूखाली उभी राहिली. "अहो," तिने हाक मारली.

टक, टक, टक. "लवकरच," राघू म्हणाला.

ती गादीवर बसली नाही. आधी काचटेकडी चढून गेली. त्रिलोचन भट्टीपुढे बसला होता. भुवया जळालेल्या, हातांना फोड. तिने नमस्कार केला आणि पुसले, "माझा माणूस राघू का झाला?"

"काच खोटे सोसत नाही," मांत्रिक म्हणाला. "तिच्यात जे आहे तेच ती दाखवते. तिच्या नावाने जो खोटे वचन देईल, त्याला एका वचनाला एक पीस फुटेल. शंभर झाली की माणूस पक्षी होईल, आणि जे खोटे तो बोलला तेवढेच त्याच्या चोचीत राहील. भट्टी पेटवताना मीच हा शाप घातला. वाटले होते, भीतीने लोक खरे बोलतील."

"त्यांना कोणी सांगितले होते का शापाचे?"

"नाही," मांत्रिक म्हणाला.

"मग भ्यायचे कसे त्यांनी?"

त्याने तिला बसायला पाट दिला.

"शाप सुटायला तीन कामे आहेत," तो म्हणाला. "पहिले, प्रत्येक तक्रार शेवटपर्यंत ऐकायची आणि ज्याची त्याला परत सांगायची. तो 'हो, हेच' म्हणेल तेव्हाच ती ऐकली असे होईल. दुसरे, जे नाही ते त्याच्या तोंडावर नाही म्हणायचे. तिसरे, ज्याच्या हुकमाने दवंडी पिटली, त्याच्याच तोंडून ते नाही वदवायचे. पण ध्यानात ठेव. गादीवर बसलीस की शाप तुलाही आहे."

"आरशात आवाज कधी येईल?"

"खटपट चालू आहे. येईल की नाही ते मला ठाऊक नाही."

"मग मी तसेच सांगीन," आवडाई म्हणाली आणि टेकडी उतरली.

पहिल्या दिवशी पहिली आली एक कुंभारीण. तिने तोंड उघडताच वरून अकरा राघू ओरडले. आवडाईने त्यांच्यापुढे डाळिंबाचे दाणे टाकले, तेव्हा चोची जरा बंद झाल्या.

"आवाज येत नाही," कुंभारीण म्हणाली आणि उठू लागली. इतके दिवस एवढेच बोलू दिले जाई.

"बसा. पुढे सांगा."

"पुढे काय? लेक दिसते माझी. नदीपलीकडे दिली आहे. ओठ हलतात तिचे, काय म्हणते ते कळत नाही. परवा ती रडत होती." कुंभारीण थांबली. "रडताना बघायचं आणि विचारता यायचं नाही. त्यापेक्षा आरसा नव्हता तेच बरं होतं."

आवडाईने शब्द न् शब्द परत सांगितला. कुंभारीण म्हणाली, "हो, हेच."

"आवाज नाही, बाई. येईल का ते करणाऱ्यालाही ठाऊक नाही. पण एक करा. नदीपलीकडे जाणाऱ्या कोणाबरोबर निरोप धाडा आणि दोघींत दहा खुणा ठरवा. कपाळाला हात म्हणजे ताप, पदराला गाठ म्हणजे माहेरी यायचंय."

"आणि रडली तर?"

"गाठ नसेल तर नुसतं रडणं आहे. गाठ असेल तर गाडी जुंपा."

कुंभारीण आरसा गुंडाळून गेली. ती खूश नव्हती, पण परत आली नाही.

मग एक सून आली. तिची तक्रार उलटी होती. "सासूबाई थोरल्या दिरांकडे राहायला गेल्या, तर आरशातून दिवसभर बघतात. भाकरी करपली की तिकडून हातवारे. बंद कसा करायचा ते कोणी सांगत नाही. कापड घातलं तर कापडातून दिसतं."

"बंद होत नाही तो. पालथा घालून पाहिलात?"

"पालथा?"

"जमिनीकडे तोंड. मग त्यांना जमीन दिसेल."

सुनेने तिथेच आरसा पालथा घातला, जरा वेळाने उचलून पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर त्या दालनातले अकरा आठवड्यांतले पहिले हसू उमटले. "त्या विचारतील, जमीन का दिसते."

"सांगा, तुमच्या पाया पडत होते."

असे तीन दिवस गेले. आरसा अंधारात आंधळा होतो, एकाच नावाची चार माणसे असली की भलतेच दिसते, गाय दिसत नाही. आवडाई ऐकत होती, परत सांगत होती, नाही ते नाही म्हणत होती. लोक चिडत. एक जण तर म्हणाला, "आधीचे बरे होते, निदान होईल तरी म्हणत." तिला एकही पीस फुटले नाही.

चौथ्या दिवशी नारोबा आले. पानमळेवाले, वय सत्तरीपुढचे. आरसा धोतराच्या सोग्यात बांधून आणलेला. त्यांनी तो गादीपुढे ठेवला आणि म्हणाले, "मुली, यात माझी कावेरी दिसत नाही."

"कुठे असतात त्या?"

"तीन वर्षं झाली जाऊन. दवंडीत म्हणाले, हाक माराल ते समोर येईल. मी रोज हाक मारतो. मोठ्याने मारायची का? तिला कमी ऐकू यायचं."

आवडाईने त्यांचे सगळे ऐकले. मग ते परत सांगितले. ते म्हणाले, "हो, हेच." आता फक्त एक शब्द म्हणायचा होता. पण वर तुळईवर टक, टक, टक झाले, आणि तिला स्वतःच्या घरातली न पेटलेली चूल आठवली.

"होईल हो, काका," ती म्हणाली. "थोडे थांबा."

म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले आणि तो गेला. आवडाईच्या उजव्या कानामागे खाज सुटली. तिने हात लावला. हिरवे, मऊ, बोटाच्या पेराएवढे पीस.

उपटू गेली, उपटेना.

एका पिसाने काय होते, असे तिने स्वतःला सांगून पाहिले. पाचवा दिवस तिने तसाच काढला. सहाव्या दिवशी पानमळ्यांकडची एक बाई आरसा घेऊन आली आणि बोलता बोलता म्हणाली, "आमचे नारोबा उठतच नाहीत हो. आरशापुढे बसलेत. वेलांना पाणी नाही दोन दिवस. म्हणतात, तक्रारघरातल्या बाईने थांबायला सांगितलंय."

आवडाईने दालनाचे दार लावून घेतले आणि ती चालत पानमळ्याला गेली.

वेल शेवग्याच्या खांबांवर माना टाकून होते, पाने कडेने पिवळी पडलेली. नारोबा मचाणाखाली बसले होते, आरसा गुडघ्यावर. तिला पाहून म्हणाले, "झालं का काम?"

"नाही, काका. होणार नाही."

"आज नाही?"

"आज नाही, उद्या नाही. गेलेले माणूस त्यात दिसत नाही. कधीच दिसणार नाही. मी खोटे बोलले."

म्हाताऱ्याने आरसा गुडघ्यावर पालथा घातला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं. मी काय पोर आहे? पण तू म्हणालीस थांबा, म्हणून थांबलो. एवढी चांगली बाई उगाच कशाला म्हणेल."

त्याहून मोठी शिक्षा तिला कोणी दिली नसती.

नारोबांनी आरसा तिच्या हाती दिला. "हा घेऊन जा. दिसतं ते बघायला माझं लांब कोणी नाही." मग कंबर धरून उठले आणि पाटाचे दार उघडायला गेले. आवडाई मागोमाग गेली. दोघांनी मिळून दिवस मावळेपर्यंत वेलांना पाणी दिले. निम्मे वेल वाचले, निम्मे गेले.

सातव्या दिवशी उरलेल्यांचे ऐकून झाल्यावर ती गोंदाजीची हलगी घेऊन दरबारात उभी राहिली.

"महाराज, रांग संपली. एक काम राहिले. दवंडी आपल्याला द्यायची आहे."

"काय म्हणून?"

"आरशात काय नाही, ते."

राजा म्हणाला, "राजाने स्वतः हलगी वाजवून नाही म्हणायचे?"

"हुकूम आपला होता. तोंड माझ्या माणसाचे होते. पंख मात्र त्यालाच फुटले."

राजा धैर्यकेतूने हळूहळू मंदिल उतरवला. खाली केस नव्हते. कानापासून कानापर्यंत हिरवी पिसे होती, दाट. "नव्व्याण्णव आहेत," तो म्हणाला. "रोज सकाळी मोजतो. शेजारच्या राज्याचा वकील परवा येणार आहे. तो आरशाविषयी विचारील आणि मी म्हणेन, लवकरच."

"किंवा म्हणणार नाही," आवडाई म्हणाली, आणि तिने हलगी पुढे केली.

राजाला हलगी वाजवता येत नव्हती. पहिली थाप चुकली, दुसरी काठावर पडली. चौकात सगळे गाव जमले होते, कोणी हसले नाही. राजा म्हणाला, "ऐका हो. भेट-आरशात दूरचे माणूस दिसते. ते बोलत नाही. हाकेला येत नाही. अंधारात दिसत नाही. गेलेले माणूस त्यात नाही. मी सांगायला लावले ते खोटे होते. ज्याला आरसा नको, त्याने परत द्यावा."

राजाच्या डोक्यावरची पिसे वाऱ्यावर उडाली. तक्रारघरात धप धप आवाज झाले. अकरा माणसे तुळईवरून खाली पडली, एकमेकांच्या अंगावर. एकाने पाणी मागितले. गोंदाजी खांबाला धरून उभा राहिला. त्याने बोटाने खांबावर तीन टोले मारले. मग पुसले, "किती दिवस झाले?"

"बारा आठवडे."

"एवढे वाटले नाहीत."

"मला वाटले," आवडाई म्हणाली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला घरी आणले. त्या दिवशी भिंतीपलीकडून लसणाच्या फोडणीचा वास आला. मी चुलीवरचा तवा उतरवून नुसती उभी राहिले.

पुढे त्रिलोचनाने आरशात आवाज आणला, तीन वर्षांनी. गोंदाजीने तीन थापा मारून दवंडी दिली: "आवाज येतो हो. वारा सुटला असेल तर येत नाही." लोकांनी आरसे घेतले. गादीवर आवडाईच बसते. कोणी नवीन मागणे आणले की ती आधी उजव्या कानामागे हात नेते, मग बोलते.

परवा विहिरीवर तीच बाई पुन्हा सांगत होती, "तक्रारघरात बसणाऱ्याला सातव्या दिवशी पंख फुटतात. आणि मग त्याची बायको गादीवर बसते, आणि तिलाही फुटतात."

"पंख नाहीत," मी म्हटले. "सातव्या दिवशीही नाही, चौथ्या दिवशी. एक पीस आहे. सगळ्यांची गळाली, तिचे तेवढे राहिले."

"का बरं?"

घागर वर आली होती. मी ती काठावर न आपटता उतरवून घेतली आणि तिला नारोबांच्या गेलेल्या वेलांचे सांगितले, शेवटपर्यंत.