मोगऱ्याच्या मळ्यातली नीलव्वा

डोंगराच्या पायथ्याशी आता घरंच घरं दिसतात, पण एके काळी तिथे मोगऱ्याचे मळे होते. दुधात भिजवल्यासारख्या पांढऱ्या, पिटुकल्या कळ्यांचे! त्या मळ्यात नीलव्वा नावाची इवलीशी मुलगी आईबरोबर कळ्या खुडायला यायची. आईला ती ‘अव्वा’ म्हणायची. दोघी दूर कानडी मुलखातून पोटासाठी आल्या होत्या. नीलव्वाचा परकर विटका होता, पाय अनवाणी होते. पण तिला दुःख होतं ते मराठीचं.

कानडीत मोठी माणसं सोडली तर गाय, वारा, नदी, सगळं ‘ते’च. म्हणून ती म्हणायची, “गाय आलं! वारा सुटलं!” आणि मळ्यातली पोरं खो खो हसायची. सगुणा तर तिची नक्कलच करायची. मग नीलव्वा बोलेनाशी झाली. गावाकडचं काळंभोर रान आठवलं, मैत्रिणींची बडबड आठवली, की झुडपाआड बसून मुळुमुळु रडायची.

एका सकाळी तिथेच तिला कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकताना दिसलं. बोटाएवढी परी! निळे-सोनेरी पंख, कपाळावर दवाची टिकली. नीलव्वाने हलकेच फुंकर घालत एकेक धागा सोडवला.

“गुणाची गं बाय,” परी म्हणाली. “माग, काय हवं तुला?”

“मराठी पाहिजे,” नीलव्वा पुटपुटली. “सगळं. आत्ता.”

“सगळी हवी होय? देईन. पण ती चिमूट चिमूट येईल. आणि अट अशी, की कुणी हसलं तरी तोंड मिटायचं नाही. भिऊन गप्प बसलीस, की त्या दिवसाची चिमूट वाऱ्यावर गेली.”

“आणि माझं कानडी?”

“ती तुझीच. तिला मी हातसुद्धा लावणार नाही,” असं म्हणून परी पानांत दिसेनाशी झाली.

त्याच दुपारी सगुणाची धाकटी बहीण चिमी दुडुदुडु धावत हौदाशी गेली, वाकली आणि डुबुक! बायका मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. नीलव्वाने ओरडायला तोंड उघडलं. काय म्हणायचं? पडला? पडली? हसतील का? पण पाण्यावर चिमीचा लाल झगा तरंगताना दिसला आणि तिने जिवाच्या आकांताने हाक मारली, “धावा! चिमी पडलं! पाणीत पडलं!”

ओरडतच तिने हौदाच्या काठावर पालथं पडून झगा घट्ट धरला. बायका धावत आल्या, त्यांनी चिमीला वर ओढलं. चिमीने भोकाड पसरलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला. कुणीही हसलं नाही. सगुणा नीलव्वाच्या गळ्यात पडून रडली. “पाण्यात पडली होती गं माझी चिमी! तू होतीस म्हणून वाचली.”

‘पाण्यात,’ नीलव्वा मनात म्हणाली. ‘पडली.’

पुढे दोघींचं मेतकूट जमलं. किती गोड दिवस होते ते! चिंचा चोखत बडबडायचं, चुकायचं, पुन्हा बडबडायचं. ‘नदी आली’ हे जमलं, तर नीलव्वा ऐटीत ‘पाणी आली’ म्हणू लागली, अगदी ‘हत्ती आली’सुद्धा! सगुणा नक्कल करत नसे. नुसतं म्हणायची, “हो गं, आला हत्ती. केवढा मोठा!” हसू यायचं, पण आता दोघी मिळून हसायच्या.

असे मोगऱ्याचे बहर आले नि गेले. एका संध्याकाळी मळ्यालगतच्या अंगणात चिमी टोपली उपडी करून पळाली, तशी नीलव्वा कंबरेवर हात ठेवून ओरडली, “अगं ए, टोपली पालथी केलीस, गजरा तुडवलास, सगळं अंगण ओलं केलंस! थांब, बघतेच तुला!”

पानांतून खुदकन हसू आलं. परी! “ऐकलंस का, काय बोललीस ते?”

“काय बोलले?” नीलव्वाला काही आठवेना. ती तर चिडली होती. शब्द कुठे मोजले होते तिने?

“हेच माझं देणं,” परी म्हणाली. “आता मला निघायला हवं.”

“थांब ना गं थोडी!”

परीने तिच्या नाकाच्या शेंड्याला चिमुकला हात लावला. मग सोनेरी, केशरी, मोतिया उजेड साऱ्या मळ्यावर पसरला. त्या उजेडात परी विरघळून गेली.

इतक्यात पलीकडून अव्वाची कानडी हाक आली, “नीलव्वा, बा इल्ली!”

“बंदे, अव्वा!” नीलव्वाने आईला ओ दिली, आणि त्याच दमात मागून येणाऱ्या सगुणाकडे वळून म्हणाली, “सगुणा, चल गं, आई बोलावतेय!”