वाळापरी आणि तुंब्यातला शेवटचा घोट

वैशाख लागला की फुलवंतीच्या गावावर सूर्य जरा जास्तच माया करायचा. इतकी माया, की बेडकं चिखलात दडी मारायची, कोंबड्या रांजणाच्या सावलीत चोच उघडी टाकून बसायच्या, आणि फुलवंतीच्या घराचे पत्रे तव्यासारखे तापायचे. घर कसलं, इवलीशी एक खोली. तिच्यात फुलवंती आणि तिची माय शेवंता अशा दोघीच राहायच्या. बाबा दोन वर्षांपूर्वी आजारात गेले होते.

उन्हाळ्यात शेवंता रानात तेंदूची पानं तोडायला जायची. गावातले सगळेच जायचे. भल्या पहाटे निघायचं, मऊ हिरवी पानं खुडायची, ती एकावर एक रचून त्यांचे पुडे बांधायचे. शाळेला सुट्टी असली की फुलवंतीही मायबरोबर निघायची. तिची चिमुकली बोटं पुड्याची गाठ अशी चटकन मारायची, की मोठ्या बायकाही बघत राहायच्या.

निघताना शेवंता दोन गोष्टी करायची. पाण्याने भरलेला तुंबा फुलवंतीच्या खांद्याला अडकवायची. तुंबा म्हणजे पोखरून वाळवलेला भोपळा, त्यात पाणी छान गार राहतं. आणि स्वतःच्या पदराला ती एक कांदा बांधायची.

"तू पी नं व माय," फुलवंती रोज म्हणायची.

"मले काहून पाह्यजे? पदराले कांदा आहे नं! कांदा असला का ऊन लागत नाही. तू पी."

आता कांदा बिचारा काय करणार? भाकरीबरोबर खाल्ला तर गुणाचा, पण गाठीत बसून तो कुणाची तहान भागवणार? तरी गावात सगळे असंच मानायचे. आणि फुलवंती तरी कुणाची लेक! ती नुसते ओठ ओले करायची आणि पाणी मायसाठी राखून ठेवायची. मग घरी येताना दोघी एकमेकींना सांगायच्या, "मी तर पोटभर प्याले!" आणि अर्धा भरलेला तुंबा तसाच डुचमळत घरी परत यायचा.

एक दिवस ऊन असं पेटलं, की रानातली पाखरंसुद्धा गप्प झाली. पान तोडणाऱ्यांत सगळ्यात वडीलधारे होते गिरमाजी आजा. त्यांनी डोक्यावरचा सूर्य पाहिला आणि हाक दिली, "चला रे, चला व! आता पुरे. आंब्याखाली बसू."

"तुम्ही व्हा पुढं, आजा," शेवंता म्हणाली. "चार पुडे बांधते आन् आलीच."

सगळे टेकडीपलीकडच्या आंब्याखाली गेले. बांधायला दोऱ्या कमी पडल्या होत्या, म्हणून फुलवंती गवत आणायला नाल्याकडे धावली.

नाला कोरडा ठणठणीत होता. पण वळणावर वाळ्याच्या गवताचं एक गर्द हिरवं, झुलणारं बेट होतं, आणि त्याच्या काठाशी एक बुलबुल पंख पसरून पडला होता. त्याची इटुकली छाती धडधडत होती.

"अगं बाई! तुले ऊन लागलं का रे बाळा?" फुलवंती म्हणाली. तिने त्याला अलगद उचलून सावलीत ठेवलं. पळसाच्या पानाचा द्रोण केला, तुंब्यातलं पाणी त्यात ओतलं. बुलबुल प्याला. मग एक खार आली, दोन सरडे आले, एक लंगडी साळुंकी आली. फुलवंती ओतत गेली. तळाशी थोडंसं उरलं, तेव्हा कुठे तिने तुंब्याचं तोंड बंद केलं.

तेवढ्यात वाळ्याचं बेट शहारलं. ओल्या मातीचा गोड, गार वास सुटला. गवताच्या पात्यांतून हिरवे, निळे, रुपेरी ठिपके भिरभिरत वर आले, आणि त्या ठिपक्यांतून उतरली बोटाएवढी एक परी! तिचा झगा शेवाळी होता, पंखांवर दवाचे मणी होते, आणि पायापर्यंत आलेले तिचे केस वाळ्याच्या तपकिरी मुळ्यांचे होते.

"मी वाळापरी," ती हसून म्हणाली. "माझ्या पाखरांना तू पाणी पाजलंस. पण तू स्वतः प्यायलीस का?"

"मले तहान नाही," फुलवंती म्हणाली.

"ओठांना भेगा पडल्यात, जीभ कोरडी पडलीये, आणि म्हणे तहान नाही!" परीने तिच्या नाकावर टिचकी मारली. मग आपल्या केसांतल्या तीन बारीक मुळ्या काढून तिने त्यांच्या तीन अंगठ्या वळल्या आणि फुलवंतीच्या बोटात घातल्या. "एका अंगठीला एक मागणं. पण नियम दोन आहेत हं. मागणं सावलीत बसून मागायचं. आणि मागायच्या आधी स्वतः पाणी प्यायचं. कोरड्या तोंडाचं मागणं मला ऐकूच येत नाही!"

"बरं," फुलवंती म्हणाली खरी, पण मनात म्हणाली, उरलेलं पाणी मायला देईन. ती उड्या मारत माघारी निघाली.

माय उन्हात उभी होती. पण ती फुलवंतीकडे बघतच नव्हती. "कोंबड्या कोंडल्या का व? अंधार पडला," ती म्हणाली. भर दुपारी! तिचं अंग भट्टीसारखं तापलं होतं आणि घामाचा टिपूससुद्धा नव्हता. दुसऱ्याच क्षणी ती मटकन खाली कोसळली. पदरातला कांदा गाठीतून सुटून गडगडत दूर गेला.

"माय!" फुलवंती किंचाळली. तिने मायच्या काखेत हात घातले आणि सगळं बळ लावून, एकेक पाऊल ओढत, तिला मोहाच्या झाडाखाली आणलं. तुंबा मायच्या ओठांना लावला. पण मायला शुद्ध कुठे होती? पाणी हनुवटीवरून ओघळून गेलं. फुलवंतीने घाबरून तुंबा मागे घेतला. आत उरला होता एकच घोट.

"वाळापरी! माझ्या मायले वाचव!" ती म्हणाली. तिचा आवाज घशातच अडकला. बोटातल्या अंगठ्या तशाच राहिल्या.

तेव्हा मघाचा बुलबुल भुर्रकन आला, तुंब्याच्या तोंडावर बसला आणि चोचीने टकटक करू लागला. फुलवंतीला परीचे शब्द आठवले. पण माय अशी पडलेली असताना आपण पाणी प्यायचं? तिच्या वाटणीचं? तिला रडू फुटलं. तिला वाटलं, आपल्यासारखी वाईट मुलगी जगात नसेल. तरी तिने डोळे मिटले, तुंबा तोंडाला लावला आणि शेवटचा घोट प्याली.

घसा ओला झाला. आवाज सुटला. "वाळापरी, मायचं अंग थंड कर!"

पहिली अंगठी विरघळली. मोहाच्या मुळाशी जमीन पाझरली, झुळझुळ पाणी आलं, आणि वाळ्याचा गार वास चहूकडे पसरला.

"लुगडं भिजव, मान पुस, वारा घाल," कानाशी परी कुजबुजत होती. "शुद्ध नाही तोवर तोंडात पाणी घालू नकोस. आता माणसांना बोलाव, बाळ. मी परी आहे, डॉक्टर नाही!"

ओंजळभर पाणी पिऊन फुलवंतीने दुसरं मागणं मागितलं, "माझी हाक आजाले ऐकू जाऊ दे!" दुसरी अंगठी विरघळली. एक रुपेरी वाऱ्याची लाट उठली आणि तिची हाक अलगद उचलून टेकडीपलीकडे घेऊन गेली.

गिरमाजी आजा आणि चार जण धावत आले. तोवर फुलवंती मायला भिजवत होती, पळसाच्या मोठ्या पानाने वारा घालत होती. ओलं लुगडं गुंडाळूनच त्यांनी शेवंताला दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी सलाईन लावलं आणि म्हणाल्या, "हिला सावलीत आणून भिजवलं कुणी? वेळेवर झालं हो, म्हणून वाचली."

उन्हं कलताना मायने डोळे उघडले. "फुले," ती हळूच म्हणाली, "तू पाणी प्याली का व?"

"प्याले, माय. आज खरंच प्याले," फुलवंती म्हणाली, आणि मायच्या कुशीत शिरून पोटभर रडली.

रडून झाल्यावर तिने खाटेजवळच्या माठातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. लगेच खिडकीत हिरवे-निळे ठिपके चमकले. वाळापरी गजांवर बसून पाय हलवत होती.

"एक अंगठी उरलीये. काय हवं? चांदीचे पैंजण? गारेगार महाल?"

फुलवंतीने क्षणभर महालाचा विचार केला. मुलगीच ती, मोह कुणाला होत नाही! पण मग म्हणाली, "आमच्या रानात सगळ्याइले पुरंल एवढं पाणी दे. म्हंजे कोणी कोणासाठी उपाशी... तहानलेलं राहाणार नाही."

परीचे डोळे भरून आले. तिच्या डोळ्यांतला एक थेंब खाली पडला, आणि तिकडे दूर नाल्याच्या वळणावर वाळूतून पाण्याचा झरा उसळला.

"तो आटणार नाही," परी म्हणाली. "पण तिथेही माझा नियम आहे. आधी स्वतः प्यायचं, मग दुसऱ्यासाठी भरायचं. आणि माझ्या मुळ्यांचा पडदा विणून दाराला लाव, पाणी शिंपड. तुझ्या पत्र्याच्या घरातही झोप लागेल." तिने फुलवंतीच्या कपाळाला ओठ टेकले. खोलीभर मोत्यांसारखा उजेड सांडला, आणि त्या उजेडातच वाळापरी विरून गेली. मागे राहिला फक्त ओल्या मातीचा वास.

माय बरी झाली. आता ऊन तापायच्या आत सगळा गाव आंब्याखाली जमतो, आणि पुडे राहिले तर गिरमाजी आजा म्हणतात, "राहू दे व, पानं कुठं पळून जातात?" कांदा अजून येतो रानात, पण भाकरीवर बसून.

मायला बरं वाटल्यावर पहिल्यांदा त्या दोघी रानात गेल्या, तेव्हा झऱ्यावर शेवंताने तुंबा भरला. "आधी मी," ती म्हणाली आणि फुलवंतीकडे बघत प्याली. फुलवंतीने तिच्या गळ्यातून उतरणारा घोटन् घोट मोजला. मग ती प्याली. पुन्हा माय. पुन्हा ती.

त्या दिवशी तुंबा पहिल्यांदाच दोघींनी पिऊन रिकामा घरी आला.

वाळापरी गेली वाळ्याच्या बेटात, गोष्ट राहिली तुमच्या ओठात. आता उठा बरं, आधी घोटभर पाणी प्या.