सटवाजीची पुढची सीट

गजरा कुंभारीण मेली त्याला वाघदऱ्याचे म्हातारे कारण होते. नशिबाला दोष देऊ नका, देवालाही देऊ नका. खेमाजी पाटील आणि त्याच्यासोबत पारावर बसणारे चार म्हातारे, यांनी तिला मारलं. आणि मारलं ते तीन उपरण्यांनी.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सरकारी एसटी अजून घाट चढली नव्हती. वाघदऱ्यातून अकरा वळणं उतरून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जाणारी एकच मोटार होती, सटवाजी गिऱ्हे याची. तिचा हॉर्न वाजला की दरीतली माकडं झाडं सोडून रस्त्यावर ओळीनं बसायची, असं म्हणतात. मोटारीत ड्रायव्हरशेजारी तिघांची सीट होती. ती मानाची. जायचं असो नसो, म्हातारे सकाळी गड्याला धाडून त्या सीटवर आपलं उपरणं टाकून ठेवायचे. उपरणं पडलं की तिथं माणूस बसलाच म्हणून समजायचं. मग मोटार पारापाशी थांबायची. म्हाताऱ्यांचं मन झालं तर चढायचे, नाही तर नुसता हात हलवायचे, आणि उपरणी एकटीच तालुका बघून परत यायची. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. सटवाजीलाही नाही.

तो बाजाराचा दिवस होता. मोटार गच्च भरलेली, टपावर माणसं आणि कोंबड्या. गजराचं मूल दोन दिवस अडलं होतं. नवऱ्यानं तिला हातांवर उचलून आणलं. पुढच्या सीटवर तीन उपरणी होती, माणूस एकही नव्हता.

"सटवाजीदादा, हितं बसवू हिला?"

सटवाजीचा हात उपरण्याकडे गेला आणि तिथंच थांबला. "पाटलांना विचारून येतो," म्हणाला आणि पाराकडे पळाला.

पाटील पानाला चुना लावत होता. "आम्ही येणार का नाय ते अजून ठरायचंय. आन् अडलेली बाई मोटारीत? सगळा इटाळ करून ठेवशील सटव्या. उद्या आम्ही काय त्या सीटवर बसायचं?"

बाकीचे म्हातारे हसले. सटवाजीनं मान खाली घातली. गजरा खाली राहिली, मोटार सुटली. पारापाशी पाटलानं हात हलवला.

चौघांनी गजराला बाजेवर घालून घाट धरला. सातव्या वळणावर ती गेली आणि तिच्याबरोबर पोटातलं मूलही. परत येताना सटवाजीला ती बाज दिसली. तो उतरला. कुणीतरी म्हणालं, मोटारीतली उपरणी आण, बाईला झाकू. "त्या कापडानं तिला झाकायचं नाही," सटवाजी म्हणाला, आणि अंगातला सदरा काढून तिच्यावर घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिन्ही उपरण्यांनी इंजिनाचं काळं तेल पुसलं आणि ती पारावर नेऊन टाकली.

"माजलास का रं सटव्या?"

"कालच माजायला पायजे होतं, पाटील. एक बाई वाचली असती."

आणि त्यानं गावादेखत सांगितलं. पुढची सीट आजपासून आजाऱ्याची, अडल्या बाईची, आंधळ्या-पांगळ्याची. त्यांना भाडं नाही. आजारी नसेल त्या दिवशी सीट रिकामी जाईल, पण धडधाकट माणूस तिथं बसणार नाही. आणि बुधवारची फेरी धर्माची. तालुक्याच्या अनाथ मुलांच्या वसतिगृहासाठी धान्य घेऊन जायचं आणि येताना वाड्यावस्त्यांसाठी दवाखान्याची औषधं आणायची.

म्हाताऱ्यांनी मोटारीवर बहिष्कार घातला. घाबरट गाव पायी घाट उतरू लागलं. सटवाजी रिकामी मोटार रोज खाली न्यायचा आणि रोज वर आणायचा. त्या दिवसांत टाकीत पेट्रोलचा थेंब नसायचा, मोटार नुसत्या त्याच्या रागावर चालायची, असं म्हणतात. मग वाड्यावस्त्यांवरचे आजारी येऊ लागले. त्यांच्यामागून त्यांची माणसं आली. मोटार पुन्हा भरायला लागली.

हे पाटलाला सहन झालं नाही. एका पहाटे त्यानं गडी लावून आठव्या वळणापुढे रस्त्यात आडवा चर खणवला, कमरेइतका खोल. आणि त्याच दिवशी गावात पटकीची साथ शिरली. मोटार सुटायच्या आतच सात जण आडवे झाले. त्यांत पहिला खेमाजी पाटील.

गड्यांनी त्याला उचलून मोटारीपाशी आणलं. सटवाजीनं पुढचं दार उघडलं.

"बसा. आजारी म्हणून बसा, पाटील म्हणून नव्हे."

बाकीचे सहा जण मागे निजवले. गड्यांना चर ठाऊक होता. पण पाटील बोलत नाहीत तोवर आपण कसं बोलायचं, म्हणून ते गप्प राहिले. आणि पाटील लाजेनं गप्प राहिला. एक वळण गेलं, दुसरं गेलं, सातवंही गेलं. आठवं सुरू झालं तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटला.

"म्होरं चर हाय."

"कुणी खणला?"

ब्रेक लावायला आता जागा उरली नव्हती. सटवाजीनं शिवी हासडली आणि मोटार होता नव्हता तेवढ्या वेगानं सोडली. चर ओलांडताना तिची चाकं जमिनीला लागली नाहीत, असं म्हणतात. पलीकडे ती आदळली आणि स्टिअरिंगचं चाक तुटून हातात आलं. खाली उरला तो नुसता लोखंडी दांडा, तुटल्या जागी करवतीसारखा. सटवाजीनं तो दोन्ही हातांनी आवळला आणि उरलेली तीन वळणं तसाच उतरला. दवाखान्याच्या दारात त्याची बोटं दांड्यापासून सोडवायला दोन माणसं लागली.

सातही जण वाचले, असं म्हणतात. पाटील तर नक्कीच वाचला. पुढे मरेपर्यंत तो सांगत राहिला की चर पावसाच्या पाण्यानं पडला होता, आणि बाकीचे चार म्हातारे माना डोलवत राहिले.

मागे निजवलेल्या त्या सहा जणांच्या घरांनी मिळून मोटार दुरुस्त केली आणि चालवली. आज सटवाजी मोटार सर्व्हिसच्या चौदा गाड्या त्या घाटात धावतात. प्रत्येकीची पुढची सीट आजाऱ्यासाठी मोकळी असते. एकदा आमदार बसायला आला होता, त्यालाही मागे पाठवलं. बुधवारच्या फेरीत अजून धान्य जातं आणि औषधं येतात. सातव्या वळणावर प्रत्येक ड्रायव्हर गाडी थांबवतो, खाली उतरतो आणि गजराच्या नावानं पाणी सोडतो.

सटवाजीचे दोन्ही हात मनगटापासून कापावे लागले. त्यानंतर तो एकवीस वर्षं जगला. मोटार त्याला पुन्हा चालवता आली नाही, आणि जेवणाचा एकही घास त्यानं स्वतःच्या हातानं खाल्ला नाही.